आरोग्यसंपदा : रक्तातील एका आकड्याचे मोल

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदार, सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे अडते, मिरजेतील कापडाचे व्यापारी, या सर्वांचे आकड्यांशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे. अलीकडे त्यांच्या घरांत एक नवा आकडा शिरला आहे. वर्षातून एकदा घरातील सर्वांची रक्ततपासणी करून घेण्याची प्रथा आता रूढ झाली आहे आणि ती स्वागतार्हही आहे. मात्र प्रयोगशाळांच्या पॅकेजमध्ये साखर, कोलेस्टेरॉल आणि थायरॉईड यांच्या खाली ‘कॅन्सर मार्कर’ अशी एक ओळ दिसू लागली आहे. थोडे अधिक पैसे भरले की सीईए, सीए १२५, सीए १९-९, पीएसए अशी अक्षरे आणि त्यांच्यासमोर आकडे छापून येतात. मर्यादेबाहेरचा आकडा ठळक अक्षरांत असतो. त्या एका ठळक आकड्याने घरातील झोप उडते, आणि सगळे आकडे मर्यादेत असले की कर्करोग आपल्या घराकडे फिरकणार नाही असा विश्वास बसतो.

हे भय आणि हा विश्वास बहुतेक वेळा निराधार असतात. असे असूनही याच तपासण्या कर्करोगाच्या उपचारात अत्यंत मोलाच्या ठरतात. एकच तपासणी एका ठिकाणी दिशाभूल करते आणि दुसऱ्या ठिकाणी प्राण वाचवते, हे कसे घडते ते समजून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे.

मार्कर म्हणजे काय?

शरीरातील पेशी अनेक प्रकारची प्रथिने व इतर द्रव्ये तयार करीत असतात. कर्करोगाच्या पेशी यांपैकी काही द्रव्ये प्रमाणाबाहेर निर्माण करतात आणि ती रक्तात किंवा लघवीत उतरतात. त्यांची मोजदाद करून रोगाचा माग काढता येतो, म्हणून त्यांना ट्यूमर मार्कर म्हणतात. येथे एक गोष्ट प्रथमच ध्यानात घ्यावी. यांतील बहुतेक द्रव्ये निरोगी शरीरातही अल्प प्रमाणात असतात आणि कर्करोगाखेरीज इतर अनेक कारणांनी वाढतात. ती कर्करोगाची अनन्य खूण नाहीत.

या शास्त्राचा आरंभ एका व्यापाऱ्याच्या आजारपणातून झाला. १८४५ साली लंडनमधील पंचेचाळीस वर्षांचा एक प्रतिष्ठित व्यापारी हाडांच्या असह्य वेदनांनी अंथरुणाला खिळला होता. त्याच्या लघवीत एक विचित्र पदार्थ होता. उष्णता दिली की तो विरघळे आणि थंड होताच पुन्हा साका धरी. हेन्री बेन्स जोन्स या वैद्याने त्याचे रासायनिक परीक्षण केले आणि ते एक प्रथिन असल्याचे सांगितले. तो व्यापारी वाचला नाही. परंतु अस्थिमज्जेच्या कर्करोगात आढळणारे हे प्रथिन आज बेन्स जोन्स यांच्याच नावाने ओळखले जाते आणि त्याला पहिला ट्यूमर मार्कर मानले जाते.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली. १९६३ साली रशियात गॅरी अबेलेव्ह यांना यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांच्या रक्तात गर्भावस्थेतील एक प्रथिन सापडले. हेच एएफपी होय. १९६५ साली कॅनडातील माँट्रिअल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून सीईए शोधून काढले. कर्करोगाचे निदान आता रक्ताच्या थेंबावर होईल अशी आशा त्या वेळी सर्वत्र पसरली होती. काही वर्षांतच ती मावळली, कारण धूम्रपान करणाऱ्यांत, यकृताच्या विकारांत आणि आतड्याच्या सुजेतही सीईए वाढलेले दिसू लागले, तर कर्करोग असलेल्या कित्येकांत ते वाढलेलेच नव्हते. १९८१ साली रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगासाठी सीए १२५ शोधले. त्याची कथाही फारशी वेगळी झाली नाही.

आकडा वाढण्याची अनेक कारणे

जैन दर्शनाने अनेकान्ताचा विचार जगाला दिला. कोणतेही विधान एका अपेक्षेने सत्य असते आणि ती अपेक्षा सोडली की ते अपुरे ठरते. ट्यूमर मार्करचा अहवाल वाचताना ही दृष्टी फार उपयोगी पडते.

सीए १२५ हे अंडाशयाच्या कर्करोगात वाढते हे खरे. परंतु मासिक पाळीच्या दिवसांत, गर्भारपणात, गर्भाशयातील गाठींमुळे आणि एंडोमेट्रिऑसिसमध्येही ते वाढते. पोटात पाणी साठविणाऱ्या यकृताच्या विकारातही ते चढते. भारतात आणखी एक कारण विसरून चालत नाही, ते म्हणजे पोटाचा क्षयरोग. पोटात पाणी, वजनात घट आणि शेकड्यांत गेलेले सीए १२५ हे चित्र हुबेहूब पसरलेल्या कर्करोगासारखे दिसते. अशा रुग्णाच्या पोटातील पाण्याची व ऊतींची तपासणी झाली, तर काही जणांत क्षयरोग निघतो आणि तो औषधांनी पूर्ण बरा होतो. केवळ आकड्यावर भिस्त ठेवली असती तर अशा घरात अकारण शोककळा पसरली असती.

सीए १९-९ हे स्वादुपिंड व पित्तमार्गाच्या कर्करोगाशी जोडले जाते. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली की तेही भरमसाट वाढते आणि अडथळा दूर होताच खाली येते. गंमत अशी की, रक्तातील लुईस या गटाच्या विशिष्ट जडणघडणीमुळे शंभरातील सुमारे पाच ते दहा माणसे हे द्रव्य तयारच करू शकत नाहीत. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला तरी त्यांचे सीए १९-९ शांतच राहते.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीचे द्रव्य आहे. ते त्या ग्रंथीच्या कर्करोगात वाढते, तसेच वयोमानाने ग्रंथी मोठी झाल्याने, तिला सूज आल्याने, लघवीच्या जंतुसंसर्गाने किंवा मूत्रमार्गात नळी घातल्यानेही वाढते. एएफपी यकृताच्या कर्करोगात व वृषणाच्या काही अर्बुदांत वाढते, तसे ते गर्भारपणात आणि यकृताच्या जुनाट सुजेतही वाढते.

केसांसाठी व नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या काही पद्धतींच्या तपासणीत अडथळा आणून आकडा खोटा उंच किंवा खोटा कमी दाखवू शकतात. रक्त देण्यापूर्वी अशा गोळ्यांची माहिती प्रयोगशाळेला द्यावी. या तपासण्यांना सामान्यतः उपाशीपोटी राहण्याची गरज नसते. त्यामुळे एकाशन वा उपवास करणाऱ्यांनी त्यासाठी व्रताची वेळ बदलण्याचे कारण नाही.

निरोगी माणसाच्या तपासणीचे गणित

व्यापारी कुटुंबांना गणित सांगितले की मुद्दा लवकर पटतो. सीए १२५ ची मर्यादा ३५ एकक अशी ठरविली आहे. ही मर्यादा ठरविताना निरोगी रक्तदात्यांतील सुमारे एक टक्का व्यक्ती तिच्या वर होत्या. आता असे समजा की पन्नाशी ओलांडलेल्या दहा हजार महिलांची तपासणी केली आणि त्यांतील चौघींना अंडाशयाचा प्रारंभीचा कर्करोग आहे. प्रारंभीच्या अवस्थेत हा मार्कर साधारणतः निम्म्याच रुग्णांत वाढतो. म्हणजे चौघींपैकी दोघी सापडतील. उरलेल्या निरोगी महिलांतील एक टक्का, म्हणजे सुमारे शंभर जणींचा आकडाही वर जाईल. अशा रीतीने एकशे दोन घरांत धास्ती पसरेल, त्यांतील शंभर घरांत ती व्यर्थ असेल, आणि ज्या दोघींना खरोखर रोग आहे त्या ‘सर्व ठीक’ असा अहवाल घेऊन निश्चिंतपणे घरी जातील.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. ब्रिटनमध्ये ५० ते ७४ वर्षे वयाच्या दोन लाखांहून अधिक महिलांवर या प्रश्नाचा अभ्यास झाला. काहींची दरवर्षी सीए १२५ तपासणी झाली, काहींची सोनोग्राफी झाली, काहींची कोणतीच तपासणी झाली नाही. तेथे एकाच आकड्यावर निर्णय न घेता वर्षानुवर्षांच्या आकड्यांचा कल पाहिला गेला. २०२१ साली दीर्घकालीन निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणीमुळे अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. ज्या तपासणीने एवढ्या काटेकोर व्यवस्थेतही आयुष्य वाढविले नाही, ती पॅकेजमधील एका ओळीने वाढवील अशी अपेक्षा कशी धरावी?

पीएसए या बाबतीत थोडे वेगळे आहे. त्याच्या चाळणी तपासणीने काही मृत्यू टळतात, पण आयुष्यभर त्रास न देणारे कर्करोगही शोधले जातात आणि त्यांच्या उपचाराने लघवीवरील ताबा जाणे यांसारखे भोग वाट्याला येतात. अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने २०१२ साली या तपासणीच्या विरोधात मत दिले होते. २०१८ साली त्याने ते बदलून ५५ ते ६९ वर्षांच्या पुरुषांनी डॉक्टरांशी लाभहानीची चर्चा करून स्वतः निर्णय घ्यावा असे सांगितले. याचा अर्थ असा की, ज्येष्ठ पुरुषांनी ही तपासणी समजून-उमजून करावी. पॅकेजमध्ये आहे म्हणून ती आपोआप होऊ नये.

जेथे आकड्याने प्राण वाचविले

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. १९५० च्या दशकात अमेरिकेत मिन चिऊ ली नावाचे तरुण डॉक्टर वारेशी संबंधित एका जलद पसरणाऱ्या कर्करोगावर मेथोट्रेक्सेट या औषधाचा प्रयोग करीत होते. या रोगात एचसीजी हे संप्रेरक वाढते, तेच गर्भचाचणीत मोजले जाते. औषधाने फुफ्फुसांतील गाठी दिसेनाशा झाल्या, रुग्ण हिंडू-फिरू लागल्या. सर्वांच्या मते उपचार पूर्ण झाला होता. परंतु ली यांना संप्रेरकाचा आकडा पूर्णपणे शून्यावर आलेला दिसत नव्हता. म्हणून डोळ्यांना रोग दिसत नसतानाही त्यांनी औषध चालूच ठेवले. रुग्णाऐवजी आकड्यावर उपचार करतो असा ठपका ठेवून त्यांना त्या संस्थेतून जावे लागले. पुढे काळाने निवाडा दिला. ज्यांचे औषध आधी थांबले त्यांच्यात रोग परतला, आणि ज्यांचा आकडा शून्यावर येईपर्यंत औषध चालले त्या बऱ्या झाल्या. १९७२ साली ली यांना त्यांच्या सहकाऱ्यासह लास्कर पुरस्काराने गौरविण्यात आले. आजही या रोगात एचसीजी हाच उपचाराचा मुख्य मार्गदर्शक असतो.

तरुणांना होणाऱ्या वृषणाच्या कर्करोगातही असेच आहे. एएफपी व एचसीजी या दोन मार्करांवर रोगाची पायरी ठरते. शस्त्रक्रियेनंतर एएफपी साधारण पाच ते सात दिवसांत निम्मे व्हावे आणि एचसीजी एक ते दीड दिवसात निम्मे व्हावे अशी अपेक्षा असते. ठरलेल्या गतीने आकडा उतरला नाही तर शरीरात कोठेतरी रोग शिल्लक आहे असे समजून पुढील उपचार लगेच सुरू करता येतात. हा रोग पसरलेला असला तरी बहुतांश रुग्ण बरे होतात. त्यात या दोन आकड्यांचा वाटा मोठा आहे.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वी सीईए मोजून ठेवतात. शस्त्रक्रियेनंतर ते उतरले की पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मोजतात. ते सलग चढू लागले तर सीटी स्कॅन केला जातो. यकृतात एखादीच नवी गाठ वेळेवर सापडली तर ती काढून टाकता येते आणि असे काही रुग्ण पूर्ण बरे होतात. थायरॉईडची संपूर्ण ग्रंथी काढल्यानंतर थायरोग्लोब्युलिन, प्रोस्टेट काढल्यानंतर पीएसए, अस्थिमज्जेच्या कर्करोगात एम प्रोटीन, ही सर्व याच प्रकारची उदाहरणे आहेत. ग्रंथीच राहिली नसताना तिचे द्रव्य रक्तात पुन्हा दिसू लागले तर त्याचा अर्थ उघड असतो. यकृत कठीण झालेल्या किंवा हिपॅटायटिस बी जडलेल्या जोखमीच्या रुग्णांत दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि तिच्या जोडीला एएफपी पाहण्याची पद्धत आहे.

या सर्व उदाहरणांत एक सूत्र आहे. रोग आधीच ठाऊक आहे, आरंभीचा आकडा नोंदलेला आहे, आणि त्याच व्यक्तीचा आजचा आकडा तिच्याच कालच्या आकड्याशी ताडला जात आहे. एका दिवसाच्या गल्ल्यावरून दुकान नफ्यात आहे की तोट्यात, हे कोणीही शहाणा व्यापारी ठरवीत नाही. त्याला आरंभीची शिल्लक लागते, रोजमेळ लागतो आणि मग ताळेबंद मांडता येतो. ट्यूमर मार्करचे मोलही असेच सलग नोंदींत आहे.

म्हणूनच रुग्णाने शक्यतो एकाच प्रयोगशाळेतून तपासणी करावी. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकाच रक्ताचे आकडे वेगवेगळे येऊ शकतात. आज कुपवाडला, पुढच्या महिन्यात पुण्याला आणि नंतर मुंबईला तपासले तर रोगाची चढउतार कोणती आणि यंत्रांतील फरक कोणता हे कळेनासे होते. माप बदलले की तोलही बदलतो, हे यार्डातील माणसाला वेगळे सांगण्याची गरज नाही. तसेच केमोथेरपीच्या पहिल्या काही आठवड्यांत पेशी फुटून मार्कर तात्पुरता वाढू शकतो. त्या वाढीने उपचार निष्फळ ठरला असे समजून औषध सोडणे ही घोडचूक होय.

आकड्याच्या मागे लागून काय साधते?

ली यांच्या कथेवरून असे वाटेल की आकडा चढला की तत्काळ औषध सुरू करावे. याही बाबतीत एकच उत्तर सर्वत्र लागू पडत नाही. अंडाशयाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या महिलांत सीए १२५ हे लक्षणे दिसण्यापूर्वी काही महिने चढू लागते. तेव्हाच केमोथेरपी सुरू केली तर आयुष्य वाढेल असा सर्वसाधारण समज होता. ब्रिटन व युरोपातील डॉक्टरांनी ५२९ महिलांवर याची कसोटी घेतली. निम्म्या महिलांना आकडा चढताच औषध दिले, उरलेल्यांना त्रास जाणवू लागल्यावर दिले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक पडला नाही. आधी औषध घेणाऱ्यांनी मात्र केमोथेरपीचे भोग सुमारे पाच महिने लवकर सोसले आणि त्यांच्या जीवनाची गुणवत्ता लवकर खालावली.

हे निष्कर्ष त्या काळच्या औषधांपुरते आहेत. आता काही नवी औषधे आली आहेत आणि निर्णय प्रत्येक रुग्णापुरता तिच्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. तरीही त्या अभ्यासाने शिकविलेली गोष्ट टिकून आहे. आधी कळले म्हणजे अधिक जगता आले, असे सर्व रोगांत होत नाही. पुनरावृत्ती लवकर सापडल्याने उपचार बदलणार असेल आणि त्या बदलाने हित होणार असेल, तरच तिचा शोध घेण्याला अर्थ आहे. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या आणि कोणताही त्रास नसलेल्या महिलांत सीए १५-३ वारंवार तपासू नये असा तज्ज्ञांचा सल्ला याच कारणाने दिला जातो. त्यांनी दरवर्षी मॅमोग्राफी करावी आणि डॉक्टरांकडून तपासून घ्यावे हे पुरेसे असते.

ज्या घरात कर्करोगाचा रुग्ण आहे तेथे ही बाब किती नाजूक असते हे अनुभवी माणसे जाणतात. तपासणीचा दिवस जवळ आला की रुग्णाचे जेवण कमी होते, बोलणे थांबते. अहवाल येतो तेव्हा घरातील कर्ता पुरुष तो आधी स्वतः वाचतो आणि कित्येकदा खिशातच ठेवतो. आई विचारते, “काय आलं रे?” आणि मुलगा म्हणतो, “सगळं छान आहे.” प्रेमापोटी केलेली ही लपवालपवी रुग्णाला एकटे पाडते. तिला मुलाच्या चेहऱ्यावरून सारे कळलेलेच असते. तिच्याच शरीराचा हिशेब तिच्यापासून दडवून ठेवणे सत्यव्रताला धरून नाही आणि करुणेलाही धरून नाही. रुग्णाला डॉक्टरांसमोर बसवून, तिला पेलेल त्या शब्दांत, या आकड्याचा अर्थ काय आणि काय नाही हे सांगणे हेच योग्य होय.

मग रोग लवकर शोधायचा कसा?

याचे उत्तर महाराष्ट्राच्या मातीतच मिळाले आहे आणि त्यासाठी रक्ताचा थेंबही लागला नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली शहरातील वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख महिलांचा अभ्यास सुरू केला. अल्प प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखावर सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी केली. या साध्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले असे २०१३ साली जाहीर झाले. त्याच महिलांच्या स्तनांची हाताने केलेली तपासणीही वीस वर्षे अभ्यासली गेली. रोग आधीच्या पायरीवर सापडू लागला आणि पन्नाशीपुढील महिलांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले.

मराठवाड्यातील तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या सहकार्याने १९९९ पासून १,३१,७४६ ग्रामीण महिलांवर असाच मोठा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांची दखल घेतली गेली. ही तपासणी गर्भाशयमुखाच्या स्रावाची असते.

पुरुषांच्या बाबतीत महाराष्ट्रात सर्वांत घातक शत्रू तोंडाचा कर्करोग आहे. सांगली जिल्ह्यातील अंजनीचे सुपुत्र, राज्याचे माजी उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांना १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच रोगाने ऐन सत्तावन्नाव्या वर्षी नेले, तो आघात जिल्हा अद्याप विसरलेला नाही. तोंडाच्या कर्करोगासाठी नित्य वापरात असलेला एकही रक्तातील मार्कर नाही. पॅकेजमधील सर्व आकडे निर्दोष असतानाही गालाच्या आत तो वाढत राहू शकतो. त्याला पकडण्यासाठी आरसा, उजेड आणि दोन मिनिटे पुरतात. पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणे ही त्याची लक्षणे आहेत.

व्यसनांपासून दूर असलेल्या घरांतही जेवणानंतरची सुपारी निरुपद्रवी मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना खाल्लेल्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे, हे ध्यानात असावे. गादीवर बसून दिवसभर सुपारीचे खांड तोंडात धरणाऱ्या वडीलधाऱ्यांचे तोंड दंतवैद्याकडून वर्षातून एकदा तपासून घ्यावे. शाकाहार व संयमी आहार यांचे आरोग्याला लाभ आहेत, पण ते कर्करोगापासून अभयपत्र देत नाहीत.

कुटुंबांसाठी काही सूचना

पॅकेज घेताना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ट्यूमर मार्करची ओळ घेऊ नये. घेतली गेलीच आणि आकडा किंचित वर आला, तर लगेच पीईटी स्कॅनकडे धावू नये. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटावे, पाळी, कावीळ, जंतुसंसर्ग, धूम्रपान, चालू औषधे यांची माहिती द्यावी आणि त्यांनी सांगितलेल्या अंतराने त्याच प्रयोगशाळेत फेरतपासणी करावी. आकडा फारच उंच असेल किंवा सलग चढत असेल तर मात्र टाळाटाळ करू नये. काही अपवाद वगळता कर्करोगाचे निदान गाठीचा तुकडा तपासल्यावरच पक्के होते. तुकडा काढल्याने रोग पसरतो या भीतीने बायोप्सी टाळणे हितावह नाही.

लक्षणे असतील तर मार्कर निर्दोष आला म्हणून स्वस्थ बसू नये. स्तनातील गाठ, पाळी थांबल्यानंतरचा रक्तस्राव, शौचातून रक्त, आठवडेच्या आठवडे फुगलेले पोट, कारणाविना घटणारे वजन यांपैकी काहीही आढळले तर डॉक्टरांना दाखवावे. मिरज हे शतकाहून अधिक काळ वैद्यकीय सेवेचे केंद्र आहे आणि कर्करोगावरील उपचारही तेथे उपलब्ध आहेत. कुपवाडहून तेथे जाण्यास फार वेळ लागत नाही. पहिली भेट तेथे घ्यावी, गरज भासल्यास मग मुंबईचा विचार करावा.

उपचार चालू असलेल्यांनी एक स्वतंत्र वही ठेवावी. तारीख, प्रयोगशाळा, आकडा, त्या वेळी चालू असलेले औषध अशा चार रकान्यांत नोंद करावी. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत : माझ्या रोगात हा मार्कर आरंभी वाढलेला होता का? तो पुढे किती अंतराने तपासायचा? आणि तो वाढला तर आपण नेमके काय बदलणार आहोत? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल तर ती तपासणी कशासाठी, याचा विचार डॉक्टर व रुग्ण दोघांनी मिळून करावा.

महावीर जयंतीला किंवा पर्युषण पर्वात समाजाच्या वतीने आरोग्य शिबिरे भरतात आणि दानशूर मंडळी त्यांचा खर्च उचलतात. औषधदान आणि अभयदान यांना आपल्या परंपरेत मोठे स्थान आहे. शंभर निरोगी माणसांचे मार्कर मोजून त्यांच्यातील काहींना अकारण भीती देण्यापेक्षा त्याच रकमेत तोंडाची तपासणी, महिलांची स्तन व गर्भाशयमुख तपासणी आणि मुलींसाठी एचपीव्ही लस यांची सोय करता येईल. ज्या तपासणीने रोग खरोखर लवकर सापडतो आणि मृत्यू खरोखर टळतो, तिच्यावर खर्च झालेला पैसा औषधदानही ठरतो आणि अभयदानही. येत्या शिबिराची यादी आखताना कार्यकर्त्यांनी एवढा विचार अवश्य करावा.